मंदीतला सरकारी रुपया : इंदूरच्या मराठी करदात्यांना खुले पत्र

प्रति,
इंदूर शहरातील मराठी नोकरदार, निवृत्तिवेतनधारक, व्यावसायिक आणि दुकानदार यांस



मंदीत गोदामात माल असतो, यंत्रे चालू स्थितीत असतात, कामगार दारात उभा असतो. नसते ते गिऱ्हाईक. पीथमपूरच्या कारखान्यातून ठेकेदाराकडच्या शंभर माणसांना घरी बसवले, तर त्यांचा पगार थांबतो. मग पाटनीपुऱ्यातल्या किराणा दुकानात उधारी वाढते, नंदानगरातल्या खोलीचे भाडे थकते आणि दुकानदार सियागंजच्या घाऊक व्यापाऱ्याला पुढची मागणी कमी कळवतो. एकाचा खर्च ही दुसऱ्याची मिळकत असल्यामुळे एकाने हात आखडला की दुसऱ्यालाही तो आखडावा लागतो. प्रत्येक जण आपापल्या घरापुरता शहाणपणाने वागतो आणि सगळे मिळून बाजार बसवतात. अशा वेळी ज्याला हात आखडण्याची गरज नाही असा एकच मोठा खर्च करणारा उरतो, तो म्हणजे सरकार. रिचर्ड कान यांनी १९३१ मध्ये आणि जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ मध्ये मांडलेल्या विचाराचा गाभा एवढाच आहे. सरकारने खर्चलेला रुपया हातोहात फिरून एकूण उत्पन्नात किती भर घालतो, त्या प्रमाणाला अर्थशास्त्रात गुणक म्हणतात.

हा खर्च दोन वाटांनी होतो. सरकार रस्ते, धरणे, इमारती यांची कामे काढते किंवा कर कमी करते, ही पहिली वाट. काम गेलेल्या माणसाला काही काळ पगाराचा काही भाग देत राहते, ही दुसरी. तिला बेरोजगारी भत्ता म्हणतात. पहिल्या वाटेबद्दल इंदूरच्या मराठी मध्यमवर्गाची फारशी तक्रार नसते. दुसरीचा विषय निघाला की नाटकाच्या मध्यंतरात काय किंवा व्याख्यानानंतरच्या चहात काय, एकच वाक्य ऐकू येते : आमच्या कराच्या पैशावर लोकांना आळशी करतात. प्रस्तुत पत्राचे प्रयोजन हे वाक्य आहे. त्यात एक रास्त शंका दडलेली आहे, पण ती इंदूरच्या अनुभवावर तपासून पाहण्याचे कष्ट सहसा घेतले जात नाहीत.

इंदूर हे गिरण्यांचे शहर होते. मालवा, हुकुमचंद, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी आणि भंडारी या गिरण्यांच्या भोंग्यांवर निम्म्या शहराचे घड्याळ चाले, आणि कामगार संघटनेच्या पुढाऱ्यांत व्ही. व्ही. द्रविड यांच्यासारखे मराठी नावही आघाडीवर होते. यांपैकी हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडली. तेव्हा तिच्या पटावर ५,८९५ कामगार होते. गिरणी अवसायनात, म्हणजे मालमत्ता विकून देणी फेडण्याच्या प्रक्रियेत, गेली, प्रकरण न्यायालयात गेले आणि कामगारांची देणी, बँकांची देणी व जमिनीचा ताबा यांचा गुंता तीन दशके सुटला नाही. अखेर जमीन विकसित करून देणी भागवण्याचा तोडगा निघाला आणि २५ डिसेंबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या उपस्थितीत, दूरदृश्य प्रणालीद्वारे झालेल्या कार्यक्रमात, सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश अवसायकाकडे सुपूर्द झाला. लाभार्थी कामगारांची संख्या ४,८०० सांगण्यात आली. म्हणजे माणशी सरासरी साडेचार लाखांच्या थोडे वर. अनेक ठिकाणी ती रक्कम कामगाराच्या नव्हे, वारसाच्या खात्यात गेली.

हा पैसा भत्ता नव्हता, मदतही नव्हती. तो कामगारांचा स्वतःचा होता. पण अर्थव्यवस्थेच्या दृष्टीने त्याचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १९९२ मध्ये, जेव्हा मिल भागातली दुकाने ओस पडत होती, मुले शाळेतून काढली जात होती आणि बायका घरी पापड लाटून किंवा शिवण करून संसार ओढत होत्या, तेव्हा या रकमेचा चौथा हिस्सा जरी पोचता, तरी तो महिन्याभरात किराणा, भाडे, फी, औषध या मार्गांनी बाजारात परतला असता. ३२ वर्षांनी आला तो न्याय म्हणून आला. मंदीवरचा उपाय म्हणून त्याचे मूल्य शून्य होते. गिरणी बंद झाल्यावर शहराची जी पडझड झाली, ती तोवर पूर्ण होऊन गेली होती. सरकारी खर्चाची चर्चा करताना रकमेच्या आकड्याला जितके महत्त्व दिले जाते त्याच्या दहाव्या हिश्श्यानेही तारखेला दिले जात नाही, ही या पत्रातली पहिली तक्रार.

गिरणी कामगारांसाठी देशात काहीच सोय नव्हती असेही नाही. १९८६ पासून वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी योजना होती. कायमच्या बंद झालेल्या गिरणीच्या कामगाराला पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के रक्कम, अशी तिची रचना. उतरत्या क्रमाचा भत्ता कसा असावा याचा हा उत्तम नमुना म्हणता येईल : आधी आधार मोठा, मग हळूहळू कमी, म्हणजे नवे काम शोधण्याची निकडही राहते. अडचण दारातच होती. गिरणी कायद्याच्या परवानगीने बंद झालेली हवी किंवा तिच्यावर अवसायक नेमलेला हवा. गिरणीमालक मात्र सहसा फाटकाला कुलूप लावून मोकळे होत. कागदोपत्री बंद व्हायला वर्षे लागत. पोट कागदांची वाट पाहत नाही.

आजची स्थिती अशी. कर्मचारी राज्य विमा निगमाचे मध्य प्रदेशाचे प्रादेशिक कार्यालय इंदुरातच, नंदानगरात आहे. या निगमाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना १ जुलै २०१८ पासून लागू झाली. मासिक २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला आणि किमान दोन वर्षे विमा उतरवलेला कामगार बेकार झाला, तर त्याला सरासरी वेतनाच्या २५ टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस आणि तीही आयुष्यात एकदाच मिळण्याची सोय होती. कोरोनाच्या काळात हे प्रमाण ५० टक्क्यांवर नेले, बेकारीच्या ९० दिवसांऐवजी ३० दिवसांनी दावा करता येईल असे ठरले, आणि अर्ज मालकामार्फत न जाता थेट शाखेत देण्याची मुभा मिळाली. हिशेब सोपा आहे. १२,००० रुपये पगाराच्या माणसाला मूळ नियमाने तीन महिन्यांचे मिळून ९,००० रुपये. वाढीव दराने १८,०००. नऊ हजार रुपयांत इंदुरात तीन महिने आळस करून दाखवणारा माणूस सापडला, तर त्याचा सत्कारच करावा लागेल.

आळसाची शंका रास्त ठरते ती भत्ता पगाराच्या जवळ किंवा वर गेला तर. असे एकदा मोठ्या प्रमाणावर घडले आहे. अमेरिकेने मार्च २०२० च्या कायद्याने नेहमीच्या बेरोजगारी भत्त्यावर आठवड्याला ६०० डॉलर जादा दिले आणि कमी पगाराच्या कित्येक लोकांना कामावर असताना मिळत होते त्यापेक्षा अधिक पैसे घरबसल्या मिळू लागले. ती जादा रक्कम जुलैअखेर संपली, पुढे कमी दराने पुन्हा सुरू झाली, आणि २०२१ च्या उन्हाळ्यात सुमारे निम्म्या राज्यांनी ती मुदतीआधीच बंद केली. भत्ता गेला की लोक झुंडीने कामावर परततील, ही अपेक्षा तेव्हा फोल ठरली. थोडे परतले, त्या राज्यांतल्या कुटुंबांचा खर्च मात्र लगेच घटला. भत्त्याने काम शोधण्याची घाई काहीशी कमी होते, हे खरे. ती किती कमी होते हा प्रश्न आहे, आणि मिळालेले उत्तर भीतीपेक्षा बरेच लहान आहे.

आळसाच्या शंकेला महाराष्ट्राने त्याआधीच, आणि अधिक हुशारीने, उत्तर दिले होते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात कामाच्या हमीचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात तो राज्यभर पसरला. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या आसपास पोचली होती. खडी फोडणे, नालाबांध, पाझर तलाव, रस्ते : काम अंगमेहनतीचे, मजुरी बेताची आणि मुलांसाठी सुकडी. ज्याला दुसरीकडे काम मिळते तो उन्हात खडी फोडायला येत नाही. त्यामुळे गरजू कोण हे तलाठ्याने ठरवण्याची पाळीच आली नाही. काम मागणाऱ्याने ते स्वतः ठरवले. पाऊस झाला, शेतीला माणसे लागली, की कामावरची गर्दी आपोआप ओसरे. १९७७ च्या कायद्याने ही हमी हक्क बनली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला.

या योजनेचा खर्च भागवला कोणी, हे इंदूरच्या मराठी नोकरदाराने आवर्जून जाणून घ्यावे असे आहे. महाराष्ट्राने १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला आणि त्याचे उत्पन्न रोजगार हमीला जोडले. मुंबई-पुण्याच्या कारकुनाच्या पगारातून दरमहा काही रुपये कापले जात आणि मराठवाड्यात बांध पडत. बनावट हजेरीपटांचे प्रकार झाले, अर्धवट सोडलेली कामे जागोजाग दिसत, काही पाझर तलावांत पाणी कधी पाझरलेच नाही. योजनेचे हे दोष नाकारण्यात अर्थ नाही. पण शहरातल्या स्थिर पगाराने गावातल्या अस्थिर मजुरीला हात द्यावा, हा करार मराठी मध्यमवर्गाने त्या काळी निमूटपणे पाळला. मध्य प्रदेशातही असाच व्यवसाय कर, म्हणजे वृत्तिकर, कापला जातो, मात्र कोणत्याही शहरी रोजगार हमीशी त्याची गाठ बांधलेली नाही.

पुढे केंद्राने २००५ मध्ये केलेला रोजगार हमीचा कायदा याच मुशीतून घडला. त्याची उपयुक्तता २०२०-२१ मध्ये दिसली. आदल्या वर्षी सुमारे २६५ कोटी मनुष्यदिवस काम झाले होते. टाळेबंदीच्या वर्षी ते ३८९ कोटींवर गेले आणि नंतरच्या दोन वर्षांत खाली आले. मंदीत फुगणारी आणि तेजीत आटणारी ही व्यवस्था कोणत्याही पॅकेजपेक्षा सरस ठरली, कारण तिला नव्या घोषणेची वाट पाहावी लागली नाही. पण ती ग्रामीण भागापुरती होती. टाळेबंदीत हातगाडी बंद पडलेला परदेशीपुऱ्यातला माणूस तिच्या बाहेर राहिला.

शहरांसाठी काही करताच येत नाही, असे मानण्याचे कारण नाही. केरळने २०१० मध्ये अय्यंकाळींच्या नावाने आणि राजस्थानने सप्टेंबर २०२२ मध्ये इंदिरा गांधींच्या नावाने शहरी रोजगार हमी सुरू केली. खुद्द मध्य प्रदेशाने २०१९ मध्ये युवा स्वाभिमान योजना आणली होती : शहरी तरुणाला वर्षात १०० दिवस काम आणि प्रशिक्षण, महिना ४,००० रुपये. मार्च २०२० मध्ये राज्यातले सरकार बदलले आणि त्याच आठवड्यात देश बंद झाला. अशा योजनेची सर्वांत जास्त गरज ज्या महिन्यात उभी राहिली, त्याच महिन्यात तिचा वाली गेला. तेव्हा मध्यमवर्गातून कोणी विचारणा केल्याचे ऐकिवात नाही.

आता पहिल्या वाटेकडे, म्हणजे मोठ्या पॅकेजांकडे. डिसेंबर २००८ ते फेब्रुवारी २००९ या काळात केंद्राने तीन टप्प्यांत उत्पादन शुल्क कमी केले आणि खर्च वाढवला. वित्तीय तूट २००७-०८ मधील जीडीपीच्या सुमारे अडीच टक्क्यांवरून २००९-१० मध्ये साडेसहा टक्क्यांवर गेली. वाढीचा दर लवकर सावरला. पण बाजार सुधारल्यावरही सवलती पुरेशा वेगाने मागे घेतल्या गेल्या नाहीत आणि पुढची काही वर्षे महागाईने हैराण केले. चालू करणे सोपे, बंद करणे राजकीयदृष्ट्या अवघड : प्रोत्साहनावरचा सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे, आणि तो टीकाकारांच्या बाजूने नोंदवायला हवा.

मे २०२० च्या २० लाख कोटींच्या पॅकेजाचा दोष नेमका उलटा होता. त्यात प्रत्यक्ष खर्च थोडा आणि कर्जांची हमी मोठी होती. लघुउद्योगांसाठी एकट्या कर्जहमी योजनेचा आकडा तीन लाख कोटी. एम. टी. क्लॉथ मार्केटमधल्या ज्या दुकानदाराकडे चार महिने गिऱ्हाईक फिरकले नाही, त्याला कर्ज देऊ करणे म्हणजे तापाच्या रोग्याला ताटभर जेवण वाढणे. सरकारने कर्ज काढले की व्याजदर वाढतात आणि खासगी गुंतवणूक मागे सरते, हा आक्षेप त्या वर्षी लागू नव्हता : रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवर होता आणि कर्ज मागायला कोणी येत नव्हते. २०२२ मध्ये परिस्थिती पालटली, महागाई चढली, दर साडेसहा टक्क्यांकडे निघाले. त्या वेळी तोच आक्षेप खरा ठरला. अमेरिकेत तर मार्च २०२१ मध्ये, अर्थव्यवस्था सावरू लागल्यावर, १.९ लाख कोटी डॉलरचे आणखी एक पॅकेज दिले गेले. जून २०२२ मध्ये तिथली महागाई ९.१ टक्क्यांवर पोचली, त्याला पुरवठ्याच्या अडचणींबरोबर हा जादा पैसाही कारण होता. गोदामात माल पडून असेल तोवर जादा खर्चाने विक्री वाढते. गोदाम रिकामे झाले की किंमत वाढते.

भारतासाठी गुणकाचे अंदाज आहेत. राष्ट्रीय सार्वजनिक वित्त व धोरण संस्थेतील सुकन्या बोस आणि एन. आर. भानुमूर्ती यांच्या अभ्यासात भांडवली खर्चाचा गुणक २.४५ आणि थेट हस्तांतरणाचा ०.९८ निघाला. हे आकडे पुढे करून भत्त्यांना नावे ठेवली जातात. पण गुणक हा काम पूर्ण झाल्यावरचा हिशेब आहे. इंदूर मेट्रोची पायाभरणी २०१९ मध्ये झाली आणि पहिले सहा किलोमीटर ३१ मे २०२५ रोजी धावले. वाहतुकीसाठी ती उपयोगी ठरेल. २०२० च्या मंदीत मात्र तिचा बराचसा पैसा कागदावरच होता. बीआरटीएसची कथा आणखी उद्बोधक. २०१३ मध्ये ही साडेअकरा किलोमीटरची स्वतंत्र मार्गिका सुरू झाली आणि २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती काढायला घेतली. बांधताना मजुरी मिळाली, तोडतानाही मिळाली. केन्स यांनी उपहासाने नोटा बाटल्यांत भरून खाणीत पुरण्याचा आणि लोकांना त्या उकरू देण्याचा दाखला दिला होता. इंदूरने त्यासाठी काँक्रीट वापरले. खर्च भांडवली शीर्षाखाली टाकला म्हणजे तो उत्पादक होतोच, असे नाही.

आता दुसरी तक्रार, आणि ती थोडी झोंबणारी आहे. सरकारी प्रोत्साहन मध्यमवर्गाच्या घरी येते तेव्हा ते त्याला दिसत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांना रजा प्रवास सवलतीऐवजी रोख व्हाउचर मिळाले. अट अशी की भाड्याच्या तिप्पट रकमेची, १२ टक्के किंवा अधिक जीएसटी असलेली खरेदी करावी. सोबत १०,००० रुपयांची बिनव्याजी उत्सव उचल होती. हे शुद्ध प्रोत्साहन होते आणि त्यातून घराघरांत फ्रिज-टीव्ही आले. त्याच काळात महागाई भत्त्याचे हप्ते गोठवले, तेव्हा कर्मचाऱ्यांनी खरेदीशक्तीचा मुद्दा पुढे केला. तो बरोबरच होता, फक्त तोच मुद्दा मिल कामगारालाही लागू होतो. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनी कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, त्याची किंमत सरकारनेच वर्षाला १.४५ लाख कोटी सांगितली. २०२५ च्या अर्थसंकल्पात १२ लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त झाले, त्यासाठी सुमारे एक लाख कोटी सोडले. मागणी वाढावी हा उद्देश सगळीकडे एकच. फरक असा की महिना १५,००० कमावणारा हाती आलेला रुपया जवळपास पूर्ण खर्चतो आणि महिना लाख कमावणारा त्यातला बराच बँकेत ठेवतो. मंदीत पहिल्याचा रुपया अधिक कामाचा.

मध्य प्रदेशात महिलांना दरमहा रोख रक्कम देणाऱ्या लाडली बहना योजनेचा प्रश्न वेगळा आहे आणि तो या वादात मिसळू नये. ती मंदीवरचा उपाय नाही, बेरोजगारी भत्ताही नाही. चांगल्या-वाईट दोन्ही वर्षांत दिले जाणारे ते कायमचे अनुदान आहे. ते योग्य की अयोग्य यावर मतभेद असू शकतात, आणि राज्याचे कर्ज चार लाख कोटींच्या पुढे गेलेले असताना तो खर्च कसा पेलायचा, हे विचारण्याचा करदात्याला पूर्ण अधिकार आहे. मात्र त्यावरचा राग नंदानगरच्या शाखेत ९,००० रुपयांचा दावा घेऊन उभ्या असलेल्या माणसावर काढणे हिशेबाला धरून नाही.

तेव्हा विनंत्या. कोणत्याही सरकारी पॅकेजाची बातमी वाचताना एकूण आकड्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात : पैसा कोणत्या महिन्यात हाती पडणार, तो कोणाच्या हाती पडणार आणि कधी थांबणार. लोकप्रतिनिधींकडे मागण्या करताना रस्ता आणि उड्डाणपुलाबरोबर शहरी रोजगार हमीही मागावी, आणि वृत्तिकराचा काही हिस्सा तिला जोडावा असे सुचवावे. महाराष्ट्रातला पूर्वदाखला हाताशी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे. मालकाने १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम भरायची आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जायची. पीथमपूर-सांवेर रोडच्या कारखान्यांत व्यवस्थापक, लेखापाल आणि सल्लागार म्हणून काम करणारी मराठी माणसे पुष्कळ आहेत. ते ४५ दिवस पाळले जातात की नाही, यावर लक्ष ठेवणे त्यांच्या हाती आहे.

शेवटची विनंती स्वतः मालक असलेल्यांना. शिकवणी वर्ग, खासगी दवाखाने, हॉटेले, छापखाने, दुकाने : दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील, तर कर्मचारी राज्य विमा लागू होतो. मालकाचा वाटा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५. वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. पट नऊवर ठेवण्यासाठी दहाव्याचे नाव वहीत न घालण्याची युक्ती या शहरात सर्रास चालते. त्यात वाचतात ते महिन्याला काही शे रुपये. पण भत्त्यासाठी अर्ज करायचा तर आधीच्या वर्गणी-काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. ती नसेल, तर त्या दहाव्या माणसाचा दावा खिडकीवरूनच परत येतो.



आपला विश्वासू,
इंदूरचा एक मराठी करदाता